शाळा बंद करण्याचा हुकूम

देवटाके संस्थानचे आबासाहेब सरकार दुपारी झोपत आणि दवंडीच्या ढोलाने त्यांची झोप मोडे. म्हणून त्यांनी दवंडीच बंद केली. हुकूम चावडीवर चिकटवायचा, रयतेने तो स्वतः वाचला की लागू, असा नवा नियम झाला. "विलायतेत असंच असतं," ते सांगत.

मग मुलांच्या पाढ्यांनी झोप मोडू लागली. त्यांनी हरबा मास्तरांना बोलावले. "कुंभार मडकी देतो. तुम्ही काय देता, मास्तर? नुसता गलका! शाळा बंद. तसा हुकूम चावडीवर लावा."

मास्तर हात जोडून म्हणाले, "लावतो, सरकार. पण रयतेत वाचता येणारा मी एकटाच. बाकीच्यांना हुकूम वाचता येईपर्यंत शाळा चालू ठेवावी लागेल."

दिवाणजी हळूच म्हणाले, "दवंडी पिटू का?"

"आणि माझी झोप?" सरकार खेकसले. मग मास्तरांकडे वळले. "बरं, शिकवा. पण सगळ्यांना वाचता आलं, की त्याच दिवशी शाळा बंद!"

"जशी आज्ञा," मास्तर म्हणाले. "फक्त तोवर त्यांना हुकमाला उत्तर लिहिताही येईल, सरकार."