कडू पिंगला, गोड सुवेणी

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, चंद्रकेतू राजाला दोन मुली होत्या. थोरली पिंगला, धाकटी सुवेणी. एकदा राजाने कालकंठ मांत्रिकाला भरल्या पंगतीतून उठवले. मांत्रिकाने ओंजळीतले पाणी मुलींवर शिंपडले.

"सुरवंट व्हा! एकीने दुसरीसाठी आपण होऊन पाखराची चोच सोसली, तरच सुटाल."

आणि तो हसत निघून गेला. थोरलीच्या मनातला धाकटीचा हेवा त्याने जेवता जेवता पाहून ठेवला होता.

पिंगला पडली रुईवर, सुवेणी घोळीच्या भाजीत. घोळ कोवळी, रसाळ. रुईचा चीक जीभ जाळी. पिंगला रडत रडत खात राहिली आणि ते विष तिच्या अंगात भिनले. तिला केशरी, काळ्या काठाचे पंख फुटले. एका पाखराने तिला धरले आणि लगेच थुंकून टाकले. तेव्हापासून त्या रंगाच्या वाटेला कोणी जाईना.

मग सुवेणीला पंख फुटले. तेही केशरी, काळ्या काठाचेच! अंगात कडूपणाचा थेंब नाही, तरी पाखरे तिलाही वाट देऊ लागली. ती थोरलीसारखीच सावकाश, ऐटीत उडू लागली.

पिंगलेच्या अंगाचा तिळपापड झाला. जीभ पोळली माझी आणि मिरवणार ही? शाप कसा सुटेल हे तिला पक्के ठाऊक होते. पण हिच्यासाठी चोच सोसायची? त्यापेक्षा जन्मभर फुलपाखरू राहिलेले बरे! हेवा वाईटच, पण खरे सांगा, तिच्या जागी तुम्ही काय केले असते?

ती कोतवाल पक्ष्याकडे गेली.

"कोतवाला, माझ्या रंगाची एक फसवी हिंडते आहे. ती गोड आहे. खा तिला."

"तीन गोष्टी कर," कोतवाल म्हणाला. "तिने खाल्लेले पान आण. दोघींतला फरक सांग. आणि तिला उघड्या फांदीवर तूच बोलाव."

पिंगलेने घोळीचे पान आणले. कोतवालाने चाखले, कडू नव्हते. "माझ्या मागल्या पंखावर तीन ठिपके, तिच्या एकच," तिने सांगितले. मग तिने बहिणीला हाक मारली.

सुवेणी उडत आली. "ताई, तू बोलावलंस? मला वाटलं, तू माझ्याशी आता बोलणारच नाहीस. तुझ्या रंगावर जगते मी. रोज पाखरू मागे वळलं की तुझीच आठवण येते गं."

पिंगलेला स्वतःची शरम वाटली. तोवर कोतवालाने झेप घेतली होती. पिंगलेने मागले पंख आवळून तिनांतले दोन ठिपके झाकले. पहिल्यांदाच तिने सुवेणीची नक्कल केली आणि ती मध्ये शिरली.

चोच मिटली. कोतवालाने तोंड वेडेवाकडे केले, तो थुंकला, फांदीवर चोच घासत राहिला. "दोघीही कडूच! खोटारडी कुठली!" तो ओरडला आणि उडून गेला.

शाप सुटला. झाडाखाली दोन राजकन्या उभ्या होत्या. थोरलीच्या खांद्यातून रक्त वाहत होते.

वार्ता कळताच राजा धावत आला. नेहमीप्रमाणे त्याने आधी धाकटीला कवटाळले. पिंगलेच्या पोटात पुन्हा तीच जुनी आग उठली. तिने मान फिरवली.

सुवेणीने राजाचे हात सोडवले.

"बाबा," ती म्हणाली, "आधी ताई."