झेंडूचा हार आणि म्हातारा संगणक

संगणक सुरू होईपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा, त्या काळची ही गोष्ट. एका वाचनालयात असाच एक म्हातारा संगणक होता. दसऱ्याला ग्रंथपाल खानोलकरबाईंनी त्याची पूजा करून त्याला झेंडूचा भलामोठा हार घातला. दुसऱ्या दिवशी तो सुरूच होईना. नुसतं "टूं टूं" करून गप्प बसला.

"आज चालला नाही, तर सरळ भंगारात!" बाई म्हणाल्या.

ते ऐकून आत भांडण जुंपलं. हार्डडिस्क रॅमला म्हणाली, "तूच विसरलीस काहीतरी!"

रॅम फणकारली, "आणि तू? रोज नुसती कुरकुरतेस, आज तेवढंही जमलं नाही!"

"अगं बायांनो, माझं जरा ऐका," पंखा म्हणाला. "माझ्या पात्यात काहीतरी अडकलंय."

"वारा घालणाऱ्यानं मध्ये बोलू नये!" दोघी एकदम ओरडल्या.

तेवढ्यात दुरुस्तीवाल्या इलियासभाईंनी झाकण उघडलं, पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या काढल्या आणि बटण दाबलं. पंखा गरगर फिरला, पडदा उजळला.

"आम्ही दोघी आहोत म्हणून!" हार्डडिस्क आणि रॅम म्हणाल्या.

बाईंना तर आनंद आवरेना. त्यांनी धावत जाऊन संगणकासाठी नवा हार आणला.

पंख्यानं श्वास रोखून धरला.