दवंडी पिटलेला पासवर्ड

विषय : राजवाड्यातील नेटवर्क स्विचचा पासवर्ड वारंवार फुटणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, बोरखळ संस्थानात सगळ्या वाड्याला नेट वाटून देणारी एक पेटी होती. तिला स्विच म्हणत. तिचा पासवर्ड महाराज धोंडसिंह स्वतः ठरवत. आणि महाराजांनी जे काही ठरवले, त्याची दवंडी पिटायची, असा संस्थानचा रिवाज होता. त्यामुळे पासवर्ड ठरला की संध्याकाळपर्यंत गावातले कोणीतरी स्विचमध्ये शिरे आणि राणीवशाचे नेट बाजारपेठेकडे वळवून घेई.

चौकशी झाली. दोष रिवाजाचा निघणे शक्यच नव्हते. तेव्हा तो स्विच सांभाळणाऱ्या भिवाजी जंगमाचा निघाला. त्याला कोठडीत टाकून दुसऱ्या दिवशी हद्दपार करायचे ठरले.

त्याची मुलगी मंजुळा दरबारात आली. "महाराज, बाबांनी कोणालाही काही सांगितलेलं नाही."

"मग दाखव तसं. पासवर्ड मीच ठरवणार, दवंडीही पिटणार. तरी माझ्याशिवाय कोणाला स्विच उघडता कामा नये. जमलं तर बाप सुटेल."

दिवाणजी म्हणाले, "जमल्यास आभाळालाही ठिगळ लावून दे."

"ते काम तुमच्या खात्याचं," मंजुळा म्हणाली आणि स्विचच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने ती एक वायर ओढत आली. वायरीचे टोक तिने सिंहासनाच्या हाताला पक्के बांधले. महाराजांनी 'मोतीचूर' हा पासवर्ड ठरवला. दवंडी पिटली गेली. सगळ्या गावाने मोतीचूर टाकून पाहिले. स्विच उघडेना. दिवाणजींनीही आपल्या मेजावरून प्रयत्न केला. तोही फसला. महाराजांनी बसल्या जागी, वायरीला जोडलेल्या लॅपटॉपवर तोच शब्द टाकला. स्विच उघडला.

"हे कसं?"

"इतर कुठूनही कोणी आलं तर दारातूनच परत पाठवायचं, असं मी स्विचला सांगून ठेवलंय. तो पासवर्ड विचारतो फक्त या वायरीवर."

"हात्तिच्या! मग या वायरीवरून मीही उघडतो," दिवाणजी म्हणाले.

"उघडा की. बसा सिंहासनावर."

दिवाणजींनी महाराजांकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. "गुडघा धरलाय हल्ली," ते म्हणाले.

महाराज इतके हसले की मंदील सावरावा लागला. हसण्याचीही दवंडी पिटायची काय, याचा खुलासा न झाल्याने दवंडीवाला ढोल घेऊन उभाच राहिला.

भिवाजी त्याच दिवशी सुटला. मंजुळाला 'माग, हवं ते' असे सांगण्यात आले. स्विचच्या खोलीत बसायला काही नसल्याने तिने एक खुर्ची मागितली. महाराजांनी ती तत्काळ मंजूर करून अर्ज पुढील कार्यवाहीसाठी दिवाणजींकडे पाठवला.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.