यानाला आलेली हाक

एकदा एक तरुण बरीच वर्षे परदेशात शिकून आपल्या गावी परतला. मनात फार मोठे बेत होते. मुलांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवायची, शास्त्र घराघरांत पोचवायचे, गाव जागे करायचे. परंतु महिनाभरातच त्याच्या ध्यानात आले, की त्याच्याशी बोलण्यासारखे कोणाकडे काही उरलेले नाही. शाळेतले सोबती दुकानाच्या गल्ल्यावरून हात हलवीत आणि विचारीत, "काय सलील, कधी आलास? परत कधी?" आता परत जाणार नाही, असे त्याने सांगितले की पुढचा प्रश्न कोणालाच सुचत नसे.

आठवड्यातली एकच सकाळ त्याच्यासाठी माणसांची होती, ती रविवारची. शाळेत त्याला विज्ञान शिकवणारे वृद्ध सर एकटेच राहत. त्यांच्या पुढच्या खोलीत 'ध्रुवयान' या मालिकेचे चाहते जमत. ही मालिका सलील शाळेत होता तेव्हापासून दर शनिवारी चालू होती. अथांग अंतराळात भरकटलेले एक यान, पृथ्वीशी संबंध तुटलेला, आणि पहिल्या भागापासून त्या यानाला अधूनमधून ऐकू येणारी तीन स्वरांची एक हाक. ती कोण मारते, हे मालिकेने कधीच सांगितले नव्हते. सरांच्या खोलीत मात्र ते दर रविवारी नव्याने ठरत असे.

चष्म्याचे दुकान चालवणारे बारटक्के म्हणत, हाक मारणारे परग्रहावरचे आहेत आणि स्वभावाने भले आहेत. निवृत्त परिचारिका विमलताई म्हणत, मागे राहिलेल्या दुसऱ्या यानात कोणीतरी जिवंत आहे. कॉलेजात गणित शिकवणारी नसीमा दोघांचेही म्हणणे खोडून काढी आणि स्वतःचे दर महिन्याला बदलत असे.

"नसीमा, गेल्या महिन्यात तर तू म्हणालीस ती हाक भविष्यातून येतेय!"

"गेल्या महिन्यात मला अक्कल नव्हती, बारटक्के. तुमच्यासारखीच."

सर चहा ओतीत आणि ऐकत. सलील कोपऱ्यात बसून ही भांडणे डोळे भरून पाही. परदेशातल्या भाड्याच्या खोलीत त्याने ही मालिका वर्षानुवर्षे एकट्याने पाहिली होती. आपणही या माणसांतले व्हावे, असे त्याला फार वाटे. त्यासाठी काय करावे हे ठाऊक नव्हते, म्हणून जे येत होते तेच त्याने केले. तो अभ्यासाला बसला.

जुने सगळे भाग त्याने पुन्हा पाहिले. हाकेचा प्रत्येक आवाज वेगळा काढला. आणि एका रविवारी संगणक मांडीवर घेऊन त्याने सर्वांना ती हाक उलटी वाजवून दाखवली. खोलीत यानाची स्वतःचीच साद घुमली. यान रोज अंधारात जी साद पाठवी, तीच एखाद्या वायुमेघावर आपटून, उलटीपालटी होऊन परत येत होती.

"म्हणजे बाहेर कोणी नाहीच," सलील आनंदाने म्हणाला. "ते स्वतःलाच ऐकतायत!"

नसीमाने ते पुन्हा वाजवायला लावले. मग ती म्हणाली, "बिनतोड आहे." बारटक्क्यांनी चष्मा पुसला. "शास्त्रज्ञच शेवटी तो," असे म्हणून ते दुकान उघडायचे आहे म्हणून निघाले. रविवारी त्यांचे दुकान बंद असे. विमलताईंनी सलीलच्या पाठीवर हात ठेवला, "हुशार आहेस रे," म्हणाल्या आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

पुढच्या रविवारी फक्त नसीमा आली आणि लवकर उठली. त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच आले नाही. मांडलेल्या खुर्च्यांमध्ये गुरू आणि शिष्य दोघेच बसून राहिले. शनिवारचा भाग रंगला होता, पण त्याविषयी काय बोलावे हे दोघांनाही कळेना.

"सर, माझं काही चुकलं का?"

"उत्तरात? नाही." सर उठले आणि त्यांनी चपला घातल्या. "चल, माझा चष्मा सैल झालाय. आज बंद असलं तरी बारटक्के घरी असेल."

बारटक्के दुकानाच्या वरच राहत. शेजारचे दोघे त्यांच्या दारात गप्पा मारीत उभे होते. चष्म्याचे स्क्रू पिळून झाल्यावर सर सर्वांसमक्ष गंभीरपणे म्हणाले, "बारटक्के, मला वाटतं ती हाक यानाच्या स्वयंपाकघरातून येत असावी. कुकरची शिट्टी असेल का?"

बारटक्क्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कुकर? सर, अहो ते नळीतून पेस्ट खातात! कुकर कुठून आणता?"

"एका भागात वाफ दिसली होती."

"ती इंजिनाची! चष्मा नको, डोळेच बदलायला हवेत तुमचे. थांबा, विमलताईंना फोन लावतो. विमलताई! ऐकलंत का, सर काय म्हणतायत ते?"

शेजारी हसले. त्यांतला एक हळूच म्हणाला, "वय झालं हो सरांचं." सलीलची मान खाली गेली. ज्यांनी त्याला प्रत्येक विधानामागचा पुरावा मागायला शिकवले, तेच आज हसण्याचा विषय झाले होते.

परतताना त्याला राहवले नाही. "सर, तुम्हाला खरं उत्तर माहीत आहे. मग ही थट्टा का करून घेतलीत?"

"खरं उत्तर मला बऱ्याच वर्षांपूर्वी सुचलं होतं. तुझ्यासारखं सिद्ध नव्हतं करता आलं, पण सुचलं होतं."

शिष्य थबकला. "आणि बोलला नाहीत?"

सर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "अरे, बोललो असतो तर विमलताई रविवारी कुठे गेल्या असत्या? त्या माणसांना तुझ्याकडून उत्तर नको होतं. त्यांना दर आठवड्याला कोणीतरी 'तुमचं चुकतंय' म्हणायला हवं होतं. घरी त्यांना तेवढं म्हणणारंही कोणी नाही. तू काय सांगितलंस? बाहेर कोणी नाही, ते स्वतःलाच ऐकतायत."

"पण ते खरंच आहे, सर."

"यानात खरं असेल. माझ्या खोलीत ते खरं नव्हतं. तिथे एकाने हाक मारली की दुसरा ओ देत होता."

परदेशातली ती खोली सलीलला आठवली. भाग संपला की पडदा काळा व्हायचा आणि त्यात त्याचाच चेहरा दिसायचा.

पुढच्या रविवारी खोली भरली. सरांना कुकरवरून धारेवर धरायला सगळे आले होते. विमलताईंनी तर लाडूंचा डबा आणला होता. तो सरांसमोर आपटून त्या म्हणाल्या, "खा. आणि परत असलं काही बोलू नका."

हशा ओसरला तशा त्या सलीलकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "तू ते परवा दाखवलंस, ते अगदी पक्कंच आहे का रे?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. कुकरसारखे काहीतरी ठोकून द्यावे, असे क्षणभर त्याच्या मनात आले. परंतु त्याला ते जमले नसते, आणि विमलताईंनी ते ओळखले असते. मग त्याला अभ्यासात दडपलेली एक गोष्ट आठवली.

"एक अडचण आहे," तो सावकाश म्हणाला. "साद आधी गेली तरच ती परत येईल ना? पण एका भागात हाक आधी येते. यान साद घालतं ते नंतर. मालिकावाल्यांची चूक असेल म्हणून मी तो भाग सोडून दिला होता. चूक आहे की नाही, ते मला माहीत नाही."

विमलताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे बाहेर कोणी असेलही?" विमलताईंनी विचारले.

"असेलही."

"पहिल्या दिवसापासून मी काय बोंबलतोय!" बारटक्के ओरडले, आणि मग कोणाचेच कोणाला ऐकू येईना.

सर चहाचे आधण वाढवायला आत गेले. कप आणायला म्हणून सलीलही उठला, तेवढ्यात नसीमाने त्याची बाही धरून त्याला खाली ओढले.

"पळतोस कुठे? कोणता भाग ते सांग. आणि तुझं चुकतंय, हे आधीच सांगते."

तो बसला. आता कोपऱ्यात नाही, मधल्या खुर्चीत.

आपल्याला कधी अगदी बिनतोड उत्तर सापडले, तर ते मांडण्यापूर्वी खोलीत कोण कोण बसले आहे, तेवढे एकदा पाहून घ्यावे.