वरच्या वाडीची रेंज

“पण बुवा, आता राहिलंच काय?”

यशवंत ढेब्याला धाप लागली होती, तरी तोंड थांबेना. खालच्या गावातलं फुकटचं वायफाय त्यानं झाडाझाडावर रेंज पुढे ढकलणारे डबे टांगत थेट वरच्या वाडीपर्यंत चढवलं होतं. भले शाब्बास! आणि त्याला हे सगळं शिकवणारे हिरोजीबुवा, एके काळचे पोलिसांचे बिनतारी ऑपरेटर, मठाच्या ओसरीवर निवांत सुपारी कातरत होते.

“दुपारी उद्घाटन तुमच्याच हातनं. लगेच आमच्या धाकटीचा, सखूचा कॉलेजचा फॉर्म भरायचा, आज शेवटचा दिवस. वाडीतली पहिली पोरगी, बुवा!”

“कुलूप?”

“सगळ्यांसाठीच आहे की, कुलूप कशाला? नाव दिसलं की जोडायचं.”

“जोड बघू.”

यशवंतानं मोबाईल काढला. ‘गावचं वायफाय’. फुल्ल रेंज! त्यानं कॉलेजचा फॉर्म उघडून सखूचा नंबर नि पासवर्ड झरझर टाकला.

“बघा, कसं पळतंय!”

बुवांनी शेजारची घोंगडी उचलली. खाली एक जुनाट डबा लुकलुकत होता. त्याला जोडलेल्या पडद्यावर सखूचा नंबर. सखूचा पासवर्ड.

“हे... तुमच्याकडे कसं?”

“माझ्या डब्याला मीही तेच नाव ठेवलं. माझा डबा जवळ, तुझा लांब. आलास माझ्याकडे.”

यशवंतानं घाईनं मोबाईल बंद केला. लाज वाटली, पण भीती त्याहून जास्त. सखूचे सगळे कागद असेच कुणाच्याही हाती गेले असते.

“काढून टाकतो सगळं.”

“खबरदार!”

इतक्यात दरीपलीकडून, दाट धुक्यातून हाक आली.

“दादा ऽऽऽ! सुरू झालं का?”

यशवंत ओ देणार, तोच बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. वाडीची रीतच ती; धुक्यात भलतंच कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारतं म्हणायचे. धुक्यात हाक आली की आधी घरच्या गाईची खबर विचारायची. खरी निघाली तरच ओ द्यायची.

“गाय काय म्हणते गं?” बुवा ओरडले.

“चंद्री पहाटे व्याली! कालवड झाली, कपाळावर चांद!”

यशवंताचे डोळे चमकले. पहाटे त्यानंच ती कालवड पुसली होती. त्यानं जोरात मान हलवली... बुवांनी हात काढला.

“आलो गं सखू ऽऽऽ!” तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

मग बुवांकडे वळला. “पण डब्यांचं काय करू?”

बुवांनी तोंडात सुपारी टाकली.

“दुपार व्हायची आहे अजून. एकेका डब्याला एकेक गाय बांध. खबर खरी निघाली, तरच जोडायचं.”