उमाळीला लांबून हाक मारत नाहीत

घोळकड्याच्या माथ्यावर गवळी धनगरांची थोडीशी घरं आहेत. त्यातल्या बहुतेक घरांत एक तरी उमाळी आहे. पाहुण्यांना हे नाव नवं असतं. कुणी ‘उमाली’ म्हणतं, कुणी मोठ्यानं ‘उमाळी!’ म्हणून बघतं. मग वाडीतले म्हातारे धोंडूबाबा झोरे त्यांना थांबवतात. ओठ मिटून ‘उम्’ घुमवायचं आणि ‘आळी’ श्वासाबरोबर सोडायचं, शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच. असं का, ते सांगताना बाबा कड्याकडे पाठ करून बसतात.

फार पूर्वी इथं ठकुबाई नावाची बाई राहायची, असं सांगतात. तिची थोरली लेक बयजा म्हशी राखायची. एका श्रावणात भरदुपारी धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. ठकुबाई दारातून ओरडली, “बयजेऽ!” दरीपलीकडच्या कड्यानं ती हाक जशीच्या तशी परत दिली, आईच्या आवाजाहून मोठी. बयजा कड्याच्या हाकेकडे चालत गेली. संध्याकाळी म्हशी घरी आल्या, बयजा आली नाही.

तेव्हापासून ठकुबाईचं बूड टेकलं नाही म्हणे. ताक घुसळताना मध्येच उठायची, तव्यावरची भाकरी करपायला टाकून कड्यापर्यंत जाऊन यायची. त्यातच तिला दुसरी मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या. कुणी गंगी सुचवलं, कुणी तानी. ठकुबाई पाळण्यापासून उठली, कड्यावर गेली आणि एकेक नाव ओरडली. पलीकडच्या कड्यानं सगळी परत दिली.

“ही नावं त्याला येतात,” ती म्हणाली. “त्याला न येणारं नाव पाहिजे मला.”

बायका घुगऱ्या खाऊन घरी गेल्या. पोर बिननावाची वाढू लागली.

नवरा विठू एकदा वैतागून म्हणाला, “अगं, पोरीला किती दिस नुसतं ‘ए’ म्हणायचं? देवाला तरी काय सांगायचं, कुणाला सांभाळ म्हणून?”

ती येताजाता नावं पुटपुटायची, मध्येच कड्यावर जायची, मान हलवत परत यायची.

पोर धावायला लागली त्या पावसाळ्यात म्हशीचं पारडू सुटलं. पोर त्याच्यामागे गेली आणि धुकं आलं. ठकुबाई बाहेर धावली, तिनं तोंड उघडलं. पण हाक कसली मारणार? नाव नव्हतं, आणि असतं तरी ते कड्यानं पळवलं असतं. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला, ओणवी झाली आणि गवत चाचपत निघाली.

पोरीला अंगावर पाजताना ती तिच्या कानाशी घुमायची, “उमाळी गं माझी, उमाळी.” पान्हा फुटला की आपोआप ओठांवर यायचं ते. आता भीतीनं तेच बाहेर पडू लागलं. जरा सरकायची, घुमायची, कान द्यायची. कडा गप्प होता. इतका हलका आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

डाव्या अंगाला कुणीतरी म्हणालं, “आयं, पारडू भ्यालंय.”

पोर पारडाच्या गळ्यात हात घालून बसली होती. तिच्या पुढचं गवत खाली कललं होतं, आणि त्याच्यापुढे गवतच नव्हतं. ठकुबाईनं आधी तिचा परकर धरला, मग तिला.

“नाव पहिल्या दिवसापासून होतं हिला,” घरी आल्यावर ती विठूला म्हणाली. “मलाच ते नाव वाटलं नाही.”

बूड मात्र तिचं पुढंही टेकलं नाही. धुकं आलं की ती कड्यावर जायची आणि बयजेलाही तसंच हलक्या आवाजात बोलवायची, असं म्हणतात. कुणी ओ दिली, असं मात्र कुणी सांगत नाही.

अलीकडे पाहुण्यांनी हे नाव खाली नेलं आहे. घाटाखालच्या शाळांमधून बऱ्याच उमाळ्या झाल्यात, आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला त्यांना हाका मारतात. बाबांना ते ऐकवत नाही.

वाडीत आजही उमाळीला लांबून कुणी बोलवत नाही. जेवण वाढायचं झालं, की आई हातातलं काम टाकते, चपला शोधते आणि पोरगी खेळत असेल तिथवर चालत जाते.