भिंतीवरचा बेचाळिसावा राजा

फार पूर्वी, चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर असलेल्या एका दरीत एक राज्य होतं. त्या राज्याची अस्सल गोष्ट सांगणारा अख्ख्या मुलखात मी एकटाच. म्हणजे माझ्याहून चांगली सांगणारे होते, ते वारले.

दरीत शिरायला एकच खिंड आणि खिंडीला एकच दार. खाली नदी, नदीकाठी दरीमायचं देऊळ. त्या देवळाच्या लांबलचक भिंतीवर राज्याचा सगळा इतिहास होता आणि त्यात अक्षर एकही नव्हतं. लोकांना वाचता येत नव्हतं. राजांनाही येत नव्हतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

रीत अशी होती, की राजा मेला की तेराव्या दिवशी देवळाच्या चितारणीने भिंतीवर त्याचं चित्र काढायचं. एकच. उभ्या जन्मात त्याने जे जे केलं, त्यातलं लोकांच्या मनात जे राहिलं असेल ते. एक राजा डोंगरातून पाटाचं पाणी आणताना होता. एक हिमवादळात मेंढी खांद्यावर घेऊन चालला होता. एकाने अकरा लढाया मारल्या होत्या, पण भिंतीवर तो जांभई देत होता, कारण धान्याचं कोठार जळालं तेव्हा तो जांभई देत बसला होता. जत्रेला आया पोरांना कडेवर घेऊन यायच्या आणि काठीने दाखवायच्या: हा बघ पाणीवाला, हा मेंढीवाला, हा जांभईवाला. जांभईवाल्याची पणतवंडं जत्रेच्या दिवशी आजारी पडायची. सगळीच, एकदम.

या गादीवर बेचाळिसावा राजा बसला. तो काही वाईट नव्हता. नुसता भित्रा होता. पण भित्र्या माणसाच्या हाती दार द्यावं, असं कोणी सांगितलंय?

एका हिवाळ्यात, भर दुपारी धुकं उतरलेलं असताना, खिंडीबाहेरच्या उतारावर माणसांची काळी रांग खाली येताना दिसली. राजा तटावर उभा होता.

"शत्रू," तो म्हणाला. "दार लावा."

द्वारपाल कान देऊन ऐकत होता. "महाराज, बायकांचा आवाज येतोय."

"शत्रू कपटी असतो."

"लहान पोरंही रडतायत, महाराज."

"मग फारच कपटी दिसतो," राजा म्हणाला आणि दार लागलं.

तीन दिवस ते लागलेलं राहिलं. पहिल्या दिवशी बाहेरून पुष्कळ आवाज आले, दुसऱ्या दिवशी थोडे, तिसऱ्या दिवशी नुसता वारा. चौथ्या दिवशी दार उघडायला गेले तर ते बाहेर सरकेना. बाहेरून माणसं टेकली होती. खिंडीपलीकडच्या वरच्या वाडीवर कडा कोसळला होता, म्हणून अख्खी वाडी आपल्या राजाकडे आसऱ्याला आली होती. तीनशे माणसं. काही बसलेली, काही उभी, एका म्हाताऱ्याची मूठ दारावर ठोठावायला उचललेली. सगळी गोठलेली.

राजाने दरबार भरवला आणि सांगितलं, की द्वारपाल बहिरा होता, त्याने चुकीची खबर दिली. द्वारपालाला कड्यावरून लोटून देण्यात आलं. लोकांनी ऐकून घेतलं. राजाला वाटलं, मिटलं.

पण जत्रा आली, राजा देवळात गेला, आणि शेवटच्या चित्रापुढची कोरी जागा त्याला दिसली. हातभर रुंद, चुना लावून गुळगुळीत केलेली. तिथे काय येणार हे त्याला लख्ख दिसलं: दार. त्या दिवसापासून त्याला मरणाची भीती वाटेना, मरणानंतरच्या तेराव्या दिवसाची वाटू लागली. शेवटी तो प्रधानांना घेऊन चितारणीकडे गेला. चितारीण म्हातारी होती. ती दगडावर निळा रंग घोटत होती आणि राजा आला म्हणून काही तिने हात थांबवला नाही.

"म्हातारे, माझं चित्र आत्ताच काढ," राजा म्हणाला. "मी समोर बसून बघतो."

"जित्या राजाचं काढत नाहीत, महाराज."

"काढलं तर तुझा हात झडतो का?"

"हात नाही झडत. पण ज्याचं चित्र भिंतीवर चढलं तो मेला, अशी रीत आहे. त्याचं तेरावं घालावं लागतं."

"घाला की. तेराव्याचं जेवण मला आवडतं. स्वतःच्या तेराव्याला जेवायला बसलेला कोणी पाहिलायस?"

प्रधान हसले. प्रधानांना त्यासाठीच ठेवलेलं असतं. चितारीण हसली नाही.

"पुन्हा विचारते, महाराज. नक्की ना?"

"नक्की. आणि असं काढ, की दुष्काळ पडलाय आणि मी सोन्याच्या मापाने धान्य वाटतोय."

"आपल्याकडे दुष्काळ कधी पडला?"

"पडेल. तू काढून ठेव. अंगरखा लाल दाखव."

"लाल नाही मिळायचा. लाल माती वरच्या वाडीची माणसं आणायची."

"मग पिवळा लाव," राजा म्हणाला.

चितारणीने बारा दिवस चित्र काढलं. सांगितलं तस्संच काढलं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. पिवळा अंगरखा, सोन्याचं माप, पायाशी ओंजळ पसरलेली माणसं, आणि चेहरा तर इतका कनवाळू, की खुद्द राजाला आपल्याबद्दल भरून आलं. तेराव्या दिवशी सगळी दरी देवळापुढे जमली. चितारणीने पडदा बाजूला केला, चित्राच्या कपाळाला भस्म लावलं आणि समोरचा दिवा विझवला. मरणाची घंटा वाजली. राजाला ती थोडी जास्तच लांबल्यासारखी वाटली.

तो वाड्यावर परतला तर राणीने बांगड्या फोडलेल्या होत्या. डोळे कोरडे होते. धाकट्या भावाने डोकं भादरलं होतं आणि तो गादीवर बसला होता. "ऊठ," राजा म्हणाला. भाऊ त्याच्या पलीकडे बघत प्रधानांना म्हणाला, "कैलासवासी दादांच्या खोलीला कुलूप लावा." प्रधान लगेच उठले. हसले नाहीत, कारण नव्या राजाला काय आवडतं ते अजून कळायचं होतं.

राजा मुदपाकखान्यात गेला. आचाऱ्याने ताटं वाढली, त्याचं ताट वाढलं नाही. राजाने त्याचा हात धरला, तसा आचारी शेजारच्याला म्हणाला, "आज गारठा फार आहे." सेनापती, पुजारी, घोड्याला दाणा घालणारा मोतद्दार, सगळे तसेच. कोणी बंड केलं नाही. कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी नुसती रीत पाळली, आणि इतकी मनापासून पाळली, की दरीत त्याआधी कोणती रीत कोणी तशी पाळली नसेल.

नदीकाठी त्याचे पिंड मांडले होते. लोक कावळ्याची वाट बघत बसले होते आणि कावळा काही शिवत नव्हता.

"इच्छा राहिली असेल काहीतरी," पुजारी म्हणाला.

"राज्य नीट सांभाळू म्हणावं," धाकटा भाऊ म्हणाला. कावळा जागचा हलला नाही.

राजा तिथेच उभा होता. दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. तो पुढे झाला, खाली बसला आणि भाताचा पिंड उचलून त्याने तोंडात घातला. मग दुसरा.

"शिवला," पुजारी म्हणाला. लोक उठले आणि अंघोळीला गेले.

आता त्या चित्राचं सांगतो. ते अजून तिथे आहे. जत्रेला आया पोरांना कडेवर घेऊन येतात, काठी त्या सोन्याच्या मापावर टेकवतात आणि म्हणतात, हा बघ, ज्याने दार लावलं तो. पोर विचारतं, दार कुठंय? आई म्हणते, मोठा झालास की खिंडीत नेऊन दाखवीन.

तात्पर्य: आपलं चित्र आपल्या मनासारखं काढून घेता येतं, पण लोक त्यात काय बघतील हे आपल्या हातात राहत नाही. शहाणी माणसं ही गोष्ट इथे संपवतात आणि पोरांना झोपवतात. पण त्यानंतर राजा चितारणीच्या दारात गेला होता. तेवढं ती गाळतात.

सगळ्या दरीत त्याच्याशी बोलणारी ती एकटीच होती. मेलेल्या राजांशी बोलायची तिला सवय होती. राजाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पायातलं पायताण कोणीतरी वारसाहक्काने नेलं होतं. तो उंबऱ्यात बसला.

"पूस ते," तो म्हणाला. "माप पूस. दार काढ. बाहेर ती माणसं काढ, एकूण एक काढ, आणि आत मला काढ. द्वारपाल खरं सांगत होता हेही काढ. मी सगळ्यांसमोर कबूल करतो. तू फक्त बाहेर ये आणि त्यांना एवढं सांग, की मी जिवंत आहे. मी कधीचा ओरडून सांगतोय, कोणी ऐकत नाही."

चितारणीने घोटलेला रंग शिंपल्यात काढला.

"तीनशे माणसं तीन दिवस तेच ओरडत होती, महाराज."